हात लागला की हळू होणारा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर सासूबाई समोर बसल्या की हळू व्हायचा. हे माझं म्हणणं नाही, घरातल्या सगळ्या पुरुषांचं होतं. सासरे, म्हणजे आबा, हे पाहुण्यांनाही सांगायचे. पाहुणे मग सासूबाईंच्या हातांकडे एकदा बघून घ्यायचे आणि चहा प्यायचे.

मी मूळची धुळ्याची. लग्न करून अमळनेर तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा माहेरच्यांनी सांगितलं होतं की शेती चांगली आहे, माणसं चांगली आहेत, फक्त तोंड जरा सांभाळ. तोंड मी सांभाळते. रागाचं मात्र तसं जमत नाही, तो माझ्या नाकावर भाडेकरूसारखा राहतो. नवरा जळगावला एका ऑफिसात आहे, अमळनेरहून रेल्वेने अप-डाउन करतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून घरात या विषयातला शेवटचा शब्द त्याचा. मीही लग्नाआधी एका दुकानात बिलं करायची, कॉम्प्युटरवरच. पण ते कोणी धरत नाही.

कॉम्प्युटर होता माझ्या नणंदेचा. ती इंजिनिअरिंगला असताना घेतलेला, डेस्कटॉप, टेबलाखाली ठेवायचा मोठा डबा असलेला. वयाने ती माझ्यापेक्षा लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणते. शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं आणि नवऱ्यासोबत जर्मनीला गेली. कॉम्प्युटर मागे राहिला. त्याला एक कॅमेरा लावला आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी तिच्याशी व्हिडिओ कॉल, असा नेम पडला.

त्या वर्षी ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण डॉक्टरांनी तिला विमानाची मनाई केली होती. मग सासूबाईंनी तिकडे जावं असं ठरलं. त्यासाठी त्यांचा पासपोर्ट काढायचा होता. त्याच सुमाराला कापसाची वेचणी आली, आणि वेचणी आली की आमच्याकडे माणूस आजारीसुद्धा पडत नाही, पासपोर्ट कुठून काढणार. वेचणी संपली तेव्हा उशीर झाला होता. होळीच्या आसपास बाळ येणार होतं. म्हणजे सासूबाईंच्या वाट्याला रविवार तेवढे राहिले होते.

मोबाइल होते की, असं कोणी म्हणेल. होते. माझ्याकडेही होता. पण आमच्या जाड भिंतींच्या घरात रेंज येत नाही. गच्चीवर येते, आणि गच्चीवरचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं. शिवाय सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. एकदा मी त्यांना गच्चीवर नेऊन माझ्या मोबाइलवर ताई लावून दिली. त्यांनी नीट दिसावं म्हणून मोबाइल डोळ्याशी नेला. तिकडे ताईला पूर्ण वेळ आईचं कपाळ दिसलं. कुंकू छान लावलंय, एवढं ती म्हणाली.

तेव्हा कॉम्प्युटर. त्याचा पडदा मोठा, आणि त्याला नेटची वायर आलेली.

तो ठेवलेला होता मधल्या खोलीत. ही खोली हिवाळ्यात कापसाची. आमच्याकडे कापूस वेचून झाला की लगेच विकत नाहीत. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवतात आणि भावाची वाट बघत त्याच्यासोबत राहतात. पहिला वेचा आला की खोलीचा एक कोपरा जातो, दुसऱ्याला खिडकी जाते, तिसऱ्याला आपण आडवं होऊन चालायला शिकतो. घरभर तंतू उडतात, अंगाला खाज सुटते, आमटीत कापूस निघतो. कोणी तक्रार करत नाही. उलट ज्याच्या घरात हिवाळ्यात खाज नाही, त्याचं कसं चाललंय अशी चौकशी होते.

या खोलीत आगीला बंदी होती. नानांना, म्हणजे शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या चुलतसासऱ्यांना, बिडीची सवय. पण ते दारात यायच्या आधी बिडी विझवून, ती विझली का हे बोटाने बघून मग आत यायचे. दिवा नाही, काडीपेटी नाही. दसऱ्याला आम्ही नांगर, विळे, मोटार यांच्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करतो. त्या दसऱ्याला खोलीत पहिला वेचा येऊन पडला होता, म्हणून कॉम्प्युटरला न पेटवलेली अगरबत्ती ओवाळली. पेटवलेली होती ती आबांनी उंबऱ्याबाहेरून दाखवली.

आणि कॉम्प्युटर याच खोलीत का? तर ही खोली सुरक्षित म्हणून. कुलूप लागतं, पोरं शिरत नाहीत, धूळ येत नाही. टेबल होतं तिथेच राहिलं आणि कापूस त्याच्या मागून, मग बाजूंनी वर चढत गेला. समोर खुर्चीपुरती गल्ली ठेवली होती. कॅमेऱ्यात आबांच्या डोक्यामागे पांढरा डोंगर दिसायचा. तिकडे ताईच्या खिडकीबाहेर बर्फ. तिच्या शेजारणीने एकदा विचारलं म्हणे, की तुझे वडील पण थंड देशात असतात का.

रविवारच्या कॉलला क्रम होता. कोणी ठरवलेला नव्हता, जेवणाच्या पंगतीला जसा असतो तसा होता. आधी आबा. ते शेताचं सांगायचे, भाव सांगायचे, तिकडे पेट्रोल काय लिटर आहे ते विचारायचे. मग नाना. त्यांचा आवाज मोठा. जर्मनी लांब आहे हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मग माझा नवरा, मग त्या वेळी दारापुढच्या ओट्यावर जो कोणी बसलेला असेल तो. सासूबाई आणि मी तोवर चहा करायचो. कप गोळा करून, हात पदराला पुसत त्या शेवटी खुर्चीवर बसायच्या. पुरुष उठून ओट्यावर जायचे. सासूबाईंना तेच हवं असायचं, कारण त्यांना जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलायचं नव्हतं.

"जेवनी का, माय?" असं त्या विचारायच्या. ताई तोंड उघडायची आणि तशीच राहायची. उघड्या तोंडाने, अर्ध्या पापणीने, पडद्यावर थिजलेली. आवाज तुटक यायचा, विहिरीतून आल्यासारखा. माउस हलवला तर बाण दुसऱ्या दिवशी पोहोचेल अशा बेताने निघायचा. शेवटी चित्र जायचं. सासूबाई काळ्या पडद्यासमोर थोडा वेळ बसून राहायच्या, आणि उठायच्या.

पहिल्यांदा आबा गमतीने म्हणाले, "तुना हात लागना का बंद पडना, देख." सगळे हसले. सासूबाईही हसल्या. दुसऱ्या रविवारी तसंच झालं, तेव्हा कोणी हसलं नाही, मान डोलावली. तिसऱ्या रविवारपासून तो शोध झाला. आबा उठताना बजावायचे, "बोल, पन हात नको लावू." सासूबाई मग दोन्ही हात मांडीवर दाबून बसायच्या. तरी व्हायचा हळू.

मी नवऱ्याला म्हटलं, हाताचा काय संबंध? तो म्हणाला, संबंध नाही, पण योगायोग लक्षात घ्यावा लागतो. असा माणूस ऑफिसात काय काम करतो, याचा मी तेव्हा बराच विचार केला.

एका रविवारी आबा लग्नाला शिरपूरला गेले होते. नाना पहिले बसले आणि त्यांना अडवायला कोणी नाही, तेव्हा ते बोलतच राहिले. गावातल्या सगळ्या म्हशींची खुशाली सांगून झाली. आणि कॉम्प्युटर हळू झाला, नानांच्याच समोर, चक्क नानांचा हात माउसवर असताना. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. म्हटलं, आता काय म्हणतात बघू.

"नेट गयं," नाना म्हणाले.

नानांच्या वेळी झाला तर नेट, सासूबाईंच्या वेळी झाला तर हात. मी ट्रे जरा जोरात ठेवला. एक कप फुटला. तो माझ्या हाताने फुटला, हे मात्र कोणी विसरलं नाही.

पण एक झालं. तो हात बघून हळू होत नाही, बराच वेळ चालला की होतो, हे मला कळलं. आणि आमच्याकडे बराच वेळ झाल्यावर कोणाची पाळी येते, हे सांगायला कॉम्प्युटर लागत नाही. मी ते नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पटलं म्हणाला, आणि दुरुस्ती हातात घेतली. तिथून पुढे सगळं आणखी बिघडलं.

आधी त्याने जागा रिकामी केली. ताईच्या कॉलेजचे फोटो, गाणी, माझ्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं गेलं. लग्नाच्या व्हिडिओबद्दल मी काही बोलले नाही, त्यात माझा चेहरा रडका आला होता. मग त्याने इंटरनेटवरून वेग वाढवणारं काहीतरी फुकट उतरवून घेतलं. त्यानंतर पडद्यावर दर थोड्या वेळाने टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात यायला लागली. नानांनी तो नंबर लिहून घेतला.

मग कॉम्प्युटर अमळनेरला दुकानात. पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून. मेकॅनिकने पत्रा उघडला, ब्लोअर मारला, फॉरमॅट केला, चालवून दाखवला. हरणासारखा पळत होता म्हणे. घरी आणला, होता तिथे ठेवला. रविवारी आबा बोलले, नाना बोलले, नवरा बोलला, सासूबाई बसल्या. ताई थिजली.

पुन्हा दुकान, पुन्हा ब्लोअर. या वेळी रॅम वाढवली. पुन्हा दुकानात हरीण, घरी म्हैस. मेकॅनिक म्हणाला, तुमच्या गावाचं व्होल्टेज बरोबर नाही. मग स्टॅबिलायझर आला. तो रात्रंदिवस गुणगुणायचा आणि त्यामुळे काहीतरी काम चाललंय असं वाटायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. नानांचं निदान वेगळं होतं. "बैलले धाप लागस ना, तशी लागस त्याले. आराम द्या," असं ते म्हणाले. म्हणून आठवडाभर कॉम्प्युटर बंद. या सगळ्यांत बरोबर उत्तराच्या सर्वांत जवळ नानाच होते, हे मला आजही कबूल करायला जड जातं.

या दुरुस्तीत रविवार जात होते. ताईचं पोट आता पडद्यावर मावत नव्हतं, ती जरा तिरकी बसायची.

एका दुपारी आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी विचारलं, "आई, तुम्हाला ताईशी एवढं काय बोलायचं आहे? मला सांगा, मी गच्चीवरून सांगते तिला."

त्यांनी हातातली शेंग आधी सोलून संपवली. मग म्हणाल्या, "बोलनं नही व माय. माले तिना पाय देखना शेतस."

"पाय?"

"तोंड हासस. पाय खोटं बोलतस नही. आनि त्या बठ्ठास्ना समोर कशी सांगू, पाय दखाड म्हनीसन?"

सूज बघायची असेल, असं मी समजले. सूज होतीच त्यात. पण मग त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि त्यांचं स्वतःचं सांगितलं. पहिल्या खेपेला त्यांना आठवा महिना लागला तेव्हा खाली वाकता येईना. पायाची नखं वाढली. लुगड्याच्या काठात अडकायची, ढेकळात ठेचायची, एक तर अर्धं उलटलं. घरात माणसं भरपूर होती. पण नखं कापून द्या, हे सांगायचं कोणाला? सासूला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, ही गोष्ट तर या घरात कोणाच्या स्वप्नातही आली नसती. त्या तशाच वावरात जात राहिल्या. बाळंतपणाला माहेरी पोचल्या तेव्हा त्यांच्या आईने आधी पायांकडे बघितलं. पाणी नंतर दिलं. आधी उंबऱ्यातच बसवून नखं कापली.

"माहेर म्हनजे ते," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. "तिले ते बी नही. आनि मना हातच खराब शे."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतक्या रविवारांत त्यांनीही ते मानून टाकलं होतं. मला एवढा राग आला की टरफलांबरोबर मी दोन-चार दाणे दूर कुंपणापलीकडे फेकले. कोणावर आला ते सांगता येत नाही; त्या क्षणी कॉम्प्युटर सगळ्यांत जवळचा होता. म्हटलं, याला आता मी बघते.

पुढच्या रविवारी मी चहाच्या वेळी स्वयंपाकघरात थांबले नाही. मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि आबा बोलत असताना माणसांकडे बघायचं सोडून बाकी सगळीकडे बघत राहिले. खोलीत होतं काय बघण्यासारखं? कापूस. आणि मांजर.

मांजर आमचं म्हणायला, तसं सगळ्या गल्लीचं. थंडीत ते चुलीपाशी असतं, सकाळी उन्हाच्या पट्ट्यात. पण माझ्या लक्षात आलं, की रविवारी कॉल सुरू झाला की ते येतं. आबा बोलत असतात तोवर दारात बसून राहतं. नाना बोलायला लागले की उठतं, टेबलाखालून जातं आणि कॉम्प्युटरच्या डब्यामागच्या कापसात गोल होऊन झोपतं. त्या दिवशीही तसंच झालं. म्हटलं, नानांच्या आवाजात झोप लागणारं हे जगातलं एकच जनावर असेल.

पण मांजर उगाच कुठे बसत नाही. ते ऊब बघून बसतं.

कॉल संपला, म्हणजे नेहमीप्रमाणे सासूबाईंच्या वेळी थिजला. सगळे उठून गेल्यावर मी टेबलाखाली वाकले, मांजराला हलवलं आणि त्याच्या जागी हात घातला. कापूस गरम होता. नुसता कोमट नाही, तव्यावरून काढून डब्यात ठेवलेल्या भाकरीसारखा गरम. डब्याची मागची जाळी, जिथून आतला पंखा वारा बाहेर टाकतो, ती कापसाने दाबून बंद झाली होती. बाजूच्या भोकांतून पंखा वारा आत ओढणार, तिथेही कापूस. खान्देशात सगळ्यांत सुखात झोपलेला कॉम्प्युटर आमचा होता. गादी मागे, गादी बाजूला, आणि आत जीव गुदमरलेला. थंड असेपर्यंत आबांशी नीट बोलायचा, नानांपर्यंत तापायचा आणि सासूबाईंपर्यंत पोचला की मान टाकायचा.

मी नवऱ्याला बोलावलं, पत्रा उघडायला लावला. आत पंख्याभोवती तंतूंचं घोंगडीसारखं जाड काळपट जावळ बसलं होतं. नवरा त्याकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "अरे हो. मेकॅनिकनं विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"घरी कापूस भरलाय का म्हणून. दोन्ही वेळा विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, भरलाय. सात हजाराच्या वर गेल्याशिवाय काढणार नाही. त्याच्या सासऱ्याकडेही भरलेला आहे. मग आम्ही भावाचं बोलत बसलो."

दोन्ही वेळा. पण खरं सांगायचं तर खान्देशात त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. डॉक्टरने छाती तपासताना विचारलं असतं, तरी माणूस भावच सांगेल.

पंख्यातला कापूस मी जुन्या टूथब्रशने काढला. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, त्यातला एक पुंजका दिव्याच्या वातीसारखा बोटांत वळून बघितला. "वातना कामना नही," म्हणाल्या. "काया पडी गया." तरी फेकला नाही, मुठीत धरून ठेवला.

तेवढ्यात आबा आले. काय चाललंय म्हणून त्यांनीही मागच्या कापसात हात घातला. एवढ्या वेळात तो थोडा निवला होता, तरी आबांचा चेहरा उतरला. ज्या खोलीत त्यांनी देवाची अगरबत्ती येऊ दिली नाही, तिथे दर रविवारी ते स्वतः शेगडी पेटवून तिच्यासमोर बसून भाव सांगत होते. त्यांनी हात बाहेर काढून झटकला. म्हणाले, "काढा. पहिले आठून काढा."

काढला. पण ठेवायचा कुठे? पुढच्या खोलीत प्लग नाही. आबांच्या खोलीत आहे, पण तिथे चौथा वेचा भरलेला. नेटची वायर पोचेल, प्लग असेल आणि कापूस नसेल अशी घरात एकच जागा निघाली. स्वयंपाकघर. मिक्सर खाली उतरवला, त्या कट्ट्यावर कॉम्प्युटर चढला. पिठाचा डबा एका बाजूला, लोणच्याची बरणी दुसऱ्या बाजूला. सासूबाईंनी मागे दोन बोटं सोडून जागा मोकळी ठेवली आणि सगळ्यांना बजावलं की इथे कोणी काही ठेवायचं नाही. सगळ्यांना म्हणजे मला, कारण तिथे दुसरं कोणी येत नाही.

पुढचा रविवार आला. दुपारी पुरुष मंडळी सवयीने जमली आणि अडखळली. स्वयंपाकघरात जेवायच्या वेळेशिवाय जायची त्यांची पद्धत नाही. आबा दारापर्यंत आले. आत सासूबाई चुलीवर बिबड्या भाजत होत्या, ज्वारीच्या पापडांचा घमघमाट सुटला होता. आबांनी कॉम्प्युटर बघितला, चूल बघितली, आणि कुठे बसावं ते त्यांना कळेना.

"चहा लई येस," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "बसा तुम्हीन ओटावर."

आबा बसले जाऊन. मी चहा नेऊन दिला, बिबड्या नेऊन दिल्या. परत आले तर सासूबाई हात धुऊन, पदराला पुसून कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसलेल्या. हात मांडीवर दाबलेले. "लाव," म्हणाल्या.

मी लावला आणि दार लोटून घेतलं.

ताई आली. स्पष्ट, हलती, तिच्या कपाळावरचा घामही दिसत होता. "आई, आज तू पहिली?" असं ती म्हणाली आणि तिचा आवाज कुठेही तुटला नाही. सासूबाईंनी जेवण विचारलं नाही, तब्येत विचारली नाही.

"मांगे सर. आखो. आते पाय दखाड."

"काय व आई, पायस्मा काय देखस?"

"दखाड."

ताईने कॅमेरा खाली वळवला. दोन पाय पडद्यावर आले, आमच्या लोणच्याच्या बरणीएवढे मोठे. सासूबाई स्टुलावरून पुढे झुकल्या, ऑपरेशन झालेला डोळा पडद्याशी नेला. बोटाने दाबायला सांगितलं, ताईने खूप कष्टाने एक पाय वर घेऊन दाबला. सूज होती, थोडीच, त्या महिन्यात असावी तेवढी. सासूबाई अजून बघतच होत्या. मलाही तेव्हा दिसलं. नखं कापलेली होती. दहाही.

"नखं कोन कापस?" त्यांनी विचारलं.

ताई हसली. "तुना जवाई कापस. दर ऐतवारले. वाकडं-तिकडं कापस, पन कापस."

चुलीवर तवा तापत होता, मी तो उतरवला नाही. सासूबाईंचा एक हात मांडीवरून उठला आणि पडद्यावर, त्या पायांवर जाऊन टेकला. कॉम्प्युटर हळू झाला नाही.

"आखो एक डाव दखाड," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलायला लागल्या. मी एवढं बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डिंकाचे लाडू, पहिले दहा दिवस, बाळाची टाळू, छातीला दूध नाही आलं तर काय, सगळं. मध्येच दोघी रडल्या, मध्येच कशावरून तरी हसल्या. मलाही रडू आलं, म्हणून मी करपलेली बिबडी तव्यावरून काढायला गेले. बाहेरून आबा खाकरले. मग नाना खाकरले. मग आबांची हाक: "लागना का वं?"

सासूबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"त्यास्ले सांग," मला म्हणाल्या, "कंपूटर हयू व्हई गया."

मी ओट्यावर गेले आणि सांगितलं, की हळू झालाय, आज काही खरं नाही. नाना नेटला काहीतरी बोलले. आबांनी हातातला कप खाली ठेवला.

"तिना हात लागना व्हई," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "लागला."